डाव्या बरगड्यांखाली

तुमच्या हाताचा तळवा पोटाच्या डाव्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांवर ठेवा. दाबू नका, नुसता ठेवा. आता अशी कल्पना करा, की त्या बरगड्यांच्या आड, जठराच्या मागे, साधारण तुमच्याच मुठीएवढी एक जांभळट, मऊ वस्तू बसली आहे. ती कधी बोलत नाही. पोट गुरगुरतं, हृदय धडधडतं, फुप्फुसं जांभया देतात, पण ही गप्प. हिचं नाव प्लीहा. जुनी माणसं पाणथरी म्हणत. ती रक्त गाळते, म्हाताऱ्या झालेल्या पेशी निवडून बाजूला काढते, जंतूंशी भांडते, आणि यातलं काहीही कुणाला सांगत नाही. मी चौतीस वर्षं शाळेत खेळांची बाई होते. हजारो मुलींना पळवलं, उड्या मारायला लावल्या, पोटऱ्या दुखल्या तर पोटऱ्या चोळल्या, दम लागला तर दम घ्यायला शिकवलं. एवढ्या वर्षांत या मुकाट बसलेल्या बाईसाहेबांची मला एकदाही आठवण झाली नव्हती. ती झाली एका मंगळवारी दुपारी, माझी नात समोरचं ताट बाजूला सारून म्हणाली, "आजी, माझा खांदा दुखतोय," त्या दिवशी. आणि तीही लगेच झाली नाही. आधी मी तिचा खांदा चोळला.

नातीला घरात भिंगरी म्हणतात. दहा वर्षांची, गुडघ्यांवर कायम कुठल्या ना कुठल्या जखमेची खपली, आणि चारशे मीटर पळण्याचं वेड. ते वेड माझ्याकडून गेलेलं आहे हे तिची आई, म्हणजे माझी मुलगी, मला वरचेवर ऐकवते. मुलगी नकाशे काढण्याच्या ऑफिसात काम करते. तिला सगळं कागदावर, सपाट आणि स्थिर असलेलं आवडतं. त्या मंगळवारी भिंगरी मैदानावरून सायकलने घरी येत होती. वळणावर खडी होती, सायकल घसरली, आणि हँडलचं टोक तिच्या पोटात घुसलं. घरी आल्यावर तिने फ्रॉक वर करून मला डाग दाखवला. बाटलीच्या बुचाएवढा, लाल, अगदी गोल. "पण मी लगेच उठले," ती म्हणाली, आणि मी खूश झाले, कारण पडल्यावर लगेच उठायचं हे मीच शिकवलेलं. मग तासाभराने खांदा दुखायला लागला. डावा. मी तेल कोमट केलं, चांगली वीस मिनिटं चोळलं, वर तिलाच रागावले, की पळताना हात फार मागे नेतेस, म्हणून होतं हे. ती निमूटपणे ऐकून घेत होती. मग हात धुवायला उठली आणि मोरीपर्यंत न जाता मधेच जमिनीवर बसली. तिचे ओठ वहीच्या कागदासारखे दिसत होते. चौतीस वर्षांत मी मुलींचे लाल चेहरे पाहिले होते, घामाने चमकणारे पाहिले होते, रडून सुजलेले पाहिले होते. हा रंग ओळखीचा नव्हता.

दवाखान्यातल्या मुलांच्या सर्जनने तिच्या पोटाला हात लावायच्या आधी विचारलं, "डावा खांदा दुखतो का गं?" कॉपी करताना पकडल्यासारखं मला झालं. पोटात साचलेलं रक्त छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला टोचतं, त्यांनी समजावलं, आणि त्या पडद्याची तक्रार मेंदूकडे खांद्याच्या नावाने जाते. तक्रार एकाची, सही दुसऱ्याची. मी माझ्या तेलकट बोटांकडे बघत होते. ती मी पदराखाली लपवली, जसं काही कुणी वास घेऊन ओळखणार होतं. स्कॅन झालं. प्लीहा फाटली होती, तिसऱ्या ग्रेडची चीर. पाच ग्रेडपैकी तिसरी, म्हणजे मध्यम, सर्जन म्हणाले, आणि एका फॉर्मच्या पाठीवर त्यांनी पेनने घेवड्याच्या दाण्यासारखा आकार काढला, त्याला एक आडवी रेघ मारली.

"मग कधी शिवणार?" ऑफिसातून थेट आलेल्या माझ्या मुलीने विचारलं.

"शिवणार नाही."

"फाटलंय म्हणता, आणि शिवणार नाही?"

"नाही."

"मग करणार काय?"

"बघणार," सर्जन म्हणाले. मुलीचा चेहरा पाहून त्यांनी पुढे जोडलं, "म्हणजे नीट बघणार. नाडी, रक्तदाब, दर तासाला. रक्त दर सहा तासांनी तपासणार. दोन पिशव्या रक्त तयार ठेवलंय. लागलं तर देऊ. त्यानेही भागलं नाही तर थिएटर याच मजल्यावर आहे. पण बहुतेक लागणार नाही."

बोलताना त्यांचे दोन्ही हात पांढऱ्या कोटाच्या खिशात होते. नंतर लक्षात आलं, ते नेहमीच तसे असतात; भिंगरीने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव खिसेवाले डॉक्टर ठेवलं. त्यांनी सांगितलं, की ते शिकत होते तेव्हा अशी मुलं आली की सरळ पोट उघडत आणि फाटलेली प्लीहा काढून टाकत. कितीदा तरी आत बघावं तर रक्त आपलं आपणच थांबलेलं असायचं, तरी उघडलंच आहे म्हणून काढायची. मग ते मूल जन्मभर साध्या तापालाही भ्यायचं, कारण जंतूंशी भांडणारी तीच घालवलेली. लहान मुलांची प्लीहा स्वतःची स्वतः सांधते, यकृताचंही तेच. मोठ्यांनी फक्त हात आवरायचे. "हे शिकायला आम्हाला फार वर्षं लागली," ते म्हणाले. "कापायला शिकवणं सोपं असतं."

मला ते पटलं, पण जमण्यासारखं नव्हतं. मी आयुष्यात कुठल्याच मुलीला स्वस्थ पडून राहा असं सांगितलेलं नव्हतं. ऊठ, हल, गुडघे वर, अजून एक फेरी, एवढीच माझी भाषा. आता या खोलीत, हिरवट भिंती, उंच खिडकी, सलाइनची नळी आणि बोटाला लावलेला तो चिमटा ज्याच्यातून नाडीचा आकडा पडद्यावर उमटत होता, इथे माझी सगळी भाषा चुकीची होती. मी स्टुलावर बसून तो आकडा बघत राहायचे. एकशे दहा होता तो पहिल्या संध्याकाळी एकशे दोन झाला, सकाळी ब्याण्णव. हिमोग्लोबिन साडेअकरावरून दहावर उतरलं आणि तिथे टेकलं. मैदानावर मी उन्हात उभी राहून वेळ मोजायचे, पण तिथे मुलगी पळायची आणि वेळ तिच्या मागे असायची. इथे मुलगी पडून होती आणि वेळच तिच्या अंगावरून, नळीतून, थेंबाथेंबाने चालली होती. खिडकीतून समोरच्या गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी दिसत. वारा आला की त्या फुगायच्या, आणि मला उगीचच वाटायचं, बरगड्यांखाली आत्ता असंच काहीतरी हलकं फुगत असेल, बसत असेल, एक धागा दुसऱ्याला धरत असेल. तिथे कुणी शिकवायला नाही, कुणी शिट्टी वाजवत नाही, तरी सगळे आपापल्या जागी उभे राहतायत. हा विचार आला की मला हसू यायचं आणि सिस्टर माझ्याकडे संशयाने बघायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जनने भिंगरीला नियम सांगितला. ग्रेडमध्ये दोन मिळवायचे, तेवढे आठवडे पळणं, सायकल, उड्या बंद. "तुझी ग्रेड किती?" "तीन." "मग किती आठवडे?" "पाच," ती म्हणाली. शाळेची शर्यत तीन आठवड्यांवर होती. मी वाट बघत होते की आता ही रडेल, भांडेल, निदान उशी तरी फेकेल. तिने डोळे मिटले. तासन्तास तशीच पडून राहिली. तिच्या आईला भरून आलं. "बघ," ती माझ्या कानात म्हणाली, "किती शहाण्यासारखी पडलीय. तुझ्यावर नाही गेली."

दुपारी आकडा चढायला लागला. आधी शहाण्णव. मग एकशे आठ. सिस्टरने नोंद केली, तेव्हा एकशे अठरा होता. तासाने एकशे बावीस, मग एकशे सव्वीस. रक्तदाब ठीक होता, पण सिस्टर म्हणाल्या, मुलांचा रक्तदाब शेवटपर्यंत ठीक असतो, आधी नाडी बोलते. आणि मग आपण हे बोलायला नको होतं असा चेहरा करून सर्जनला बोलवायला गेल्या. ते आले. पोटावर हात ठेवला, पापणी खाली ओढून पाहिली, दुखतं का विचारलं. भिंगरीने डोळे न उघडता मान हलवली, नाही. त्यांनी पुन्हा रक्त पाठवलं, सोनोग्राफीचं मशीन मागवलं, आणि थिएटरला कळवून ठेवा म्हणाले. मग माझ्या मुलीच्या हातात एक फॉर्म दिला. "सही आत्ता नको. वाचून ठेवा." त्यांचे हात खिशाबाहेर होते. मी तेच बघत होते, ते दोन स्वच्छ, लांब बोटांचे, रिकामे हात. मुलगी दारापाशी जाऊन फॉर्म वाचायला लागली. ती एकच ओळ परत परत वाचत होती हे तिच्या मानेवरून कळत होतं.

मी पलंगाजवळ उभी राहिले. म्हणजे आता उघडणार. तो गोल डाग होता तिथे, त्याच्या बाजूने, एक लांब रेघ. आणि त्या मुकाट बाईसाहेबांना उचलून एका तसराळ्यात ठेवतील. मी काय केलं होतं? वीस मिनिटं तेल चोळलं होतं. त्या वीस मिनिटांत किती रक्त गेलं असेल याचा हिशोब मी कालपासून मनातल्या मनात करत होते आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येत होतं. पडद्यावर एकशे चोवीस. मग तो उतरायला लागला: एकशे सोळा, एकशे नऊ. मला वाटलं, बरं झालं. थोडा वेळ तिथे घुटमळून तो पुन्हा वर निघाला. रक्त जात असलं तर नाडी अशी चढ-उतार करेल का, मला माहीत नव्हतं. पण चढ-उतार मला माहीत होते. मी भिंगरीकडे बघितलं. चेहरा शांत. पाय चादरीखाली, हलत नव्हते. हात चादरीवर. आणि हातांच्या मुठी वळलेल्या होत्या, पण घट्ट नाही. अंगठा वर, बोटं सैल, जणू प्रत्येक मुठीत चिमणीचं पिल्लू आहे, सुटायला नको आणि चेंगरायलाही नको.

ही मूठ माझी. मी शिकवलेली. मी एकदम व्हरांड्यात उभी होते, पंचवीस वर्षांपूर्वीच्या. त्या वर्षी शाळेची नवी इमारत बांधायला मैदान खणून टाकलं होतं आणि माझ्याकडे चाळीस मुली होत्या आणि पळायला जागा नव्हती. मग मी त्यांना व्हरांड्यात भिंतीला टेकून बसवलं, डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, पळा. मनात. खरंखुरं. रेघेवर उभं राहा, मूठ वळा, पिल्लू सांभाळा, पहिल्या वळणाला आत झुका. मोठ्या बाई आल्या आणि दारातच थबकल्या. "झोपवलंय का हो मुलींना?" "नाही बाई, दुसऱ्या फेरीत आहेत." तेवढ्यात एक मुलगी धापा टाकत डोळे उघडून म्हणाली, "माझा बूट निघाला," आणि मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. त्या वर्षी आम्ही जिल्ह्यात तिसऱ्या आलो. तेव्हापासून मी प्रत्येक मुलीला ते शिकवत आले. पाय थकले की मनात पळायचं. आजारी पडलात, मनात पळायचं. मनात पळताना छाती धडधडते का, असं एकदा भिंगरीनेच विचारलं होतं. नीट पळालीस तर धडधडणारच, मी म्हटलं होतं.

मी मनगटावरचं घड्याळ वर केलं. आकडा खालून निघाला, वर चढला, शेवटी एकदम उसळला आणि उतरायला लागला. एक मिनिट तेवीस सेकंद. तिची सगळ्यात चांगली वेळ एक एकवीस आहे. मी वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं.

"कितवी फेरी?"

"सतरावी," ती पुटपुटली. "बोलू नकोस. रेघेवर उभी आहे."

मला हसायचं होतं, तिला हलवायचं होतं, पण माझ्यातली खेळांची बाई माझ्यापेक्षा शहाणी निघाली. पळणाऱ्याला एकदम ओरडून थांबवायचं नसतं. "पळू नकोस या वेळी," मी हळू म्हटलं. "रेघ सोड. मैदानाच्या कडेने चाल. हात मोकळे सोड. चालत चालत झाडापर्यंत जा आणि सावलीत बस." तिच्या मुठी उलगडल्या. एकशे चौदा. एकशे पाच. सत्त्याण्णव. सिस्टर मशीन ढकलत आत आल्या तेव्हा त्र्याण्णव होता, आणि त्यांच्यामागे सर्जन, आणि त्यांच्यामागे माझी मुलगी, पेन हातात घेऊन.

मी सगळं सांगितलं. चुकलं माझं, असंही सांगितलं, तेलाचंसुद्धा. सर्जन हसले नाहीत. त्यांनी पडदा पाहिला, भिंगरीला पाहिलं, पुन्हा पडदा पाहिला. "तुमचं बरोबर असेल," ते म्हणाले, "पण तुमच्या शब्दावर मी थांबणार नाही. पोट बघू, रिपोर्ट येऊ दे. तोपर्यंत हिने त्या झाडाखालीच बसायचं."

मला ते फार आवडलं. चांगला पंच असाच असतो. त्यांनी भिंगरीच्या पोटावर थंडगार जेली लावली, ती "ई" म्हणाली, आणि ते मशीनचं तोंड सावकाश बरगड्यांखालून फिरवत राहिले. आम्ही तिघीही त्या करड्या, पावसाळी ढगासारख्या चित्राकडे बघत होतो ज्यातलं आम्हाला काही कळत नव्हतं. आकडा नव्वद. एकोणनव्वद. "कालच्याइतकंच आहे," ते म्हणाले. "वाढलेलं नाही." तरी पेन माझ्या मुलीच्या हातातच होतं. मग दारातून कुणीतरी चिठ्ठी दिली. हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक नऊ. सकाळी दहा होतं. सर्जनने चिठ्ठी दोनदा वाचली, घडी केली, आणि दोन्ही हात खिशात घातले. मग स्टूल ओढून बसले.

"थिएटरला सांगा, चहा प्या म्हणावं," ते सिस्टरना म्हणाले. आणि भिंगरीला, "जिंकलीस का?"

"नाही. शेवटच्या वळणावर शाळेतली ती उंच मुलगी पुढे जाते."

"सतरा वेळा?"

"सोळा. सतरावी पळूच दिली नाही आजीने."

"पण मनातली शर्यत ना? तिथे तरी जिंकायचं."

भिंगरीने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की मला त्यांची दया आली. "मनात आहे म्हणून काय खोटं पळायचं?"

सर्जन हसायला लागले ते थांबेचनात. सिस्टरही. मग त्यांनी पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेला तक्ता काढला, खिशातून एक हात काढून त्यावर लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: पळणे बंद, मनातसुद्धा.

"मनात चाललं तर?" भिंगरीने विचारलं.

"चाल."

"मनात पोहायचं?"

"नाही."

"मनात सायकल?"

"सायकलचं नाव काढलंस तर बघ," तिची आई म्हणाली. फॉर्म तिने केव्हाच चार घड्या करून मुठीत चेपला होता, आणि तिचे डोळे वाहत होते, पण आवाज चिडका होता, तिचा नेहमीचा, बरा. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तुझ्या शिकवण्याने ना एक दिवस…"

"एक दिवस काय?"

"काही नाही." तिने नाक पुसलं. "मलाही शिकव कधीतरी. मला मेलीला खरंसुद्धा पळता येत नाही." असं तिने मला चाळीस वर्षांत पहिल्यांदाच म्हटलं.

सर्जन गेले. मुलगी ऑफिसात फोन करायला बाहेर गेली. मी पलंगाच्या कडेला टेकले. खिडकीतून उन्हाचा चौकोन चादरीवर आला होता. भिंगरी बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग तिने सलाइनचा हात जपून बाजूला ठेवला, दुसऱ्या हाताने माझं मनगट ओढून घेतलं आणि सिस्टर ठेवतात तशी तीन बोटं अंगठ्याच्या मुळाशी ठेवली. भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे नजर लावून ती ओठांनी मोजत राहिली. मी बोलायला तोंड उघडलं तर तिने डोळ्यांनीच दटावलं. काटा फिरून आला.

"एकशे बारा," ती म्हणाली. "आजी, तू कुठे पळत होतीस?"

तिने उत्तराची वाट बघितली नाही. माझं मनगट न सोडता ती उशीवर नीट टेकली, काटा बारावर येईपर्यंत थांबली, आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.